हे मढं कुणाचं?

(भुताखेतांच्या गमतीदार कवितेविषयी)

भुतांच्या कवितेवर लिहायचं म्हटलं की आपल्या मित्रांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, भूतबित सगळं थोतांड आहे, देवऋषी आणि भगताच्या पोटापाण्याचा धंदा आहे, त्यावर कागद आणि शाई नासू नका. दुसरा तट गुपचूप ड्रॅक्युला वाचतो, फ्रँकेनस्टाइनचे जुने काळेपांढरे सिनेमे बघतो, आणि बैठकीत मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. काढला तर याची बांधिलकी कच्ची असं कुणी म्हणेल, ही त्याला धास्ती. भूतापेक्षा मित्रांची भीती मोठी!

दोस्तहो, भूत खरं की खोटं हा विज्ञानाचा प्रश्न आहे आणि तो निकालात निघालेला आहे. भूत नसतं. पण कवितेतलं भूत असतं. ते कागदावर उभं राहतं, बोलतं, तक्रार करतं, कधी कधी पोट धरून हसवतं. समीक्षा करणाऱ्यानं त्याला 'तू आहेस का?' असं विचारून उपयोग नाही. त्याला विचारायचं ते वेगळंच : बाबा रे, तू मेलास कशानं? तुझं मढं कुठं आहे? ते कुणाच्या ताब्यात आहे? एवढं विचारलं की भुतांच्या साहित्यातसुद्धा वाडा वेगळा आणि वस्ती वेगळी, हे लख्ख दिसायला लागतं.

इंग्रजीत ज्याला 'गॉथिक' म्हणतात त्या लिखाणाची सुरुवात १७६४ सालच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' या कादंबरीपासून धरतात. लिहिणारा होरेस वॉल्पोल. त्याचा बाप रॉबर्ट वॉल्पोल इंग्लंडचा पंतप्रधान होऊन गेलेला. या चिरंजीवांनी लंडनजवळ हौसेखातर एक खोटा-जुना किल्लेवजा वाडा बांधून घेतला होता आणि त्यात राहून त्यांनी किल्ल्यातल्या भुताची कादंबरी लिहिली. त्या कादंबरीत आभाळातून भलंमोठं शिरस्त्राण पडतं, तसबिरीतला माणूस चौकटीतून खाली उतरतो, दारं वाजतात, पोरी तळघरातून पळतात. पण एवढा सगळा खटाटोप कशासाठी? तर इस्टेटीसाठी. जहागीर लबाडीनं बळकावली गेली आहे आणि ती खऱ्या वारसाला परत मिळाली पाहिजे. भूत म्हणजे मेलेला जहागीरदार. त्याची मागणी म्हणजे सातबाऱ्यावरची दुरुस्ती.

वॉल्पोलच्या मागून आलेल्या पुष्कळ वाड्यांतली भुतंही या ना त्या रीतीनं घराण्याची, वारशाची, पुरलेल्या कागदपत्रांची भुतं आहेत. ज्याच्याजवळ जिवंतपणी जमीन होती, तोच मेल्यावर जमीन मागायला येऊ शकतो. ज्याच्याजवळ काहीच नव्हतं त्यानं काय मागायला यावं? आपल्या मुलखातही बघा. पुरलेल्या धनावर राखण करतो तो समंध. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मेला तो मुंज्या. २०२४ साली 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा आला, कोकणातली गोष्ट, भीती आणि हसू एकत्र कालवलेलं. लोकांना आवडला. आवडू द्या. पण मुंज्या व्हायचं म्हणजे आधी मुंज झालेली पाहिजे. ज्याची मुंजच होत नाही त्या पोरानं मरूनसुद्धा पिंपळावर जागा मागायची सोय नाही. मेल्यानंतरही जातीचा दाखला लागतो तो असा.

मग ज्याच्याजवळ जमीन नाही, धन नाही, मुंज नाही, त्याचं भूत कवितेत कधी येतं? आलंच तर मागतं काय? याचं एक पक्कं उत्तर मला टॉमस हूड या इंग्रज कवीत सापडतं. तेही एका गमतीदार, शाब्दिक कोट्यांनी भरलेल्या कवितेत. म्हणून त्याच्यावर जरा थांबून बोलू.

०

टॉमस हूड १७९९ साली लंडनमध्ये जन्मला आणि १८४५ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी मेला. बाप पुस्तकविक्रेता. पोरगा आधी धातूवर चित्रं कोरण्याचं काम शिकला, मग मासिकाच्या कचेरीत लागला. तब्येत कायमची खालावलेली, डोक्यावर कर्ज, आणि पोट चालायचं विनोदावर. विनोदी कविता लिहायची, तिच्याबरोबर स्वतःच वेडंवाकडं चित्र काढायचं आणि पुस्तक विकायचं. 'व्हिम्स अँड ऑडिटीज' या नावानं १८२६-२७ साली त्याचे असे दोन भाग निघाले. त्यातच 'मेरीज् घोस्ट' ही कविता आहे.

गोष्ट एवढीच. मध्यरात्री विल्यमच्या बिछान्यापाशी त्याच्या मेलेल्या मेरीचं भूत येतं. जुन्या पोवाड्यासारख्या गाण्यांतून असं भूत यायचंच. ते रडायचं, प्रियकराला शपथ घालायचं आणि कोंबडा आरवला की जायचं. हूड तीच चाल घेतो. पण त्याची मेरी प्रेमाचं रडगाणं गात नाही. ती सांगते, माझ्या थडग्यावर रडायला जाऊ नकोस, कारण मी तिथं नाहीच. मढेचोरांनी मला उकरून नेलं. मग ती आपल्या अंगाचा हिशेब देते. हात एका डॉक्टरकडे, पाय दोन वेगवेगळ्या ठिकाणी, डोकं आणखी एकाकडे, धड कुठं पाठवायला बांधून ठेवलेलं, काळीज एका बड्या सर्जनकडे. तो सर्जन म्हणजे सर ॲस्टली. हे नाव कल्पनेतलं नव्हे. ॲस्टली कूपर हा त्या काळचा लंडनचा सर्वांत नामांकित सर्जन. त्यानं राजावर शस्त्रक्रिया केलेली, त्याबद्दल किताब मिळालेला. कविता छापली तेव्हा तो जिवंत होता, नाणावलेला होता. आणि एक भूत येऊन सांगतं की माझं काळीज त्याच्याकडे आहे!

कवितेचा सगळा खेळ दुहेरी अर्थाच्या शब्दांवर आहे. इंग्रजीत 'ट्रंक' म्हणजे माणसाचं धडही आणि प्रवासाची पेटीही. म्हणून धड मालासारखं गाडीवर चढतं. 'स्पिरिट' म्हणजे भूतही आणि दवाखान्यातलं स्पिरिटही. म्हणून मेरीचं एक स्पिरिट विल्यमपाशी उभं, आणि तिचा हात दुसऱ्या स्पिरिटात, बाटलीत बुडवलेला. लग्नात जो हात द्यायचा होता तोच हात. वाचताना आधी हसू येतं. मग पाठीतून काहीतरी सरकतं. हसू आणि शिरशिरी यांच्यामधल्या या फटीतच या जातीच्या कवितेचा जीव असतो.

आता पांढरपेशा समीक्षक म्हणेल : छान, शब्दचमत्कृती आहे, काळा विनोद आहे. आणि तो पान उलटेल. आपण उलटायचं नाही. आपण विचारू, हे मढं कुणाचं आणि ते उकरलं काय म्हणून?

त्या काळी इंग्लंडात वैद्यकीची शाळा काढायची तर चिरफाड करायला प्रेतं लागत. कायद्यानं मिळत ती फक्त फाशी दिलेल्या खुन्यांची. १७५२ सालापासूनचा तसा कायदा होता. चिरफाड हा शिक्षेचाच भाग, फाशीवरचा अपमान. पण विद्यार्थी वाढले, फाशी जाणारे खुनी पुरेनात. मग रात्री कबरी उकरणाऱ्यांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. श्रीमंत माणूस लोखंडी पेटीत पुरला जाई, थडग्यावर लोखंडी पिंजरा बसे, पहारेकरी ठेवला जाई. गरिबांना एकाच खड्ड्यात एकावर एक ठेवत, खड्डा भरेपर्यंत वर धड मातीही नाही. मढेचोर कुठं जाणार ते सांगायला नको.

आणि कायद्याची गंमत ऐका. मेलेलं शरीर ही कुणाचीच मालमत्ता नाही, असं इंग्रजी कायदा मानत होता. म्हणून मढं उचलून नेणं हा किरकोळ गुन्हा. पण मढ्यावरचं कफन नेलं तर ती चोरी, तिला जबर शिक्षा. त्यामुळे चोर काय करत? प्रेत नागवं करून कापड परत कबरीत टाकत आणि माणूस घेऊन जात. कापडाला किंमत, माणसाला नाही. गावकीच्या कामात मढ्यावरचं कापड ज्यांच्या पदरात 'हक्क' म्हणून टाकलं जाई त्यांच्या नातवंडांना हा कायदा समजावून सांगावा लागणार नाही.

१८२८ साली पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे याच ॲस्टली कूपरनं साक्ष दिली. कुणीही माणूस असो, कितीही वरच्या पायरीवरचा असो, मनात आणलं तर त्याचं प्रेत मी मिळवू शकतो, असं त्यानं उघड सांगितलं. म्हणजे मेरीच्या भुतानं हसत हसत जे नाव घेतलं होतं, त्या नावाच्या माणसानंच पुढं वर्षभरात कबुली दिली. गंभीर शोकगीतात ॲस्टली कूपरचं नाव घालायची कुणाची छाती झाली नसती. विनोदी कवितेत ते घालता आलं. भुतावर बदनामीचा खटला भरता येत नाही, आणि विदूषकाचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. हूडनं या दोघांच्या आडोशाला उभं राहून खरं बोलून घेतलं. खेळकरपणा म्हणजे पळवाट, असं म्हणणाऱ्यांनी इथं जरा थबकावं.

याहून धारदार दाखला रस्त्यावरचा आहे. एडिंबरो शहरात १८२७-२८ साली बर्क आणि हेअर या दोघांनी कबरी उकरायचा त्रासही वाचवला. सोळा माणसं मारली आणि मढी रॉबर्ट नॉक्स या डॉक्टरला विकली. मेलेले कोण? भाडेकरू, भिकारी, रस्त्यावरच्या बाया, आजारी, परगावचे. बर्कला १८२९ साली फाशी झाली आणि त्याचीही चिरफाड झाली. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. विकत घेणाऱ्या नॉक्सवर खटलाच झाला नाही. पण शहरातल्या पोरांनी एक गाणं केलं. चार ओळींचं, उड्या मारत म्हणायचं. त्यात मारणारा आहे, चोरणारा आहे आणि मटण विकत घेणारा म्हणून डॉक्टरही नावासकट आहे. न्यायालयानं सोडलेल्या माणसाला पोरांच्या गाण्यानं सोडलं नाही. ते गाणं रचणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण गमतीदार भयकवितेचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. गिऱ्हाईक कोण हे तिनं सांगितलं.

०

मग १८३२ साली कायदा झाला. मढेचोरी बंद पडली. कशी? तर चोरायची गरजच उरली नाही म्हणून. वर्कहाऊस म्हणजे कंगाल माणसांना कोंडून काम करून घेणारी घरं. तिथं किंवा इस्पितळात कुणी मेलं आणि प्रेत न्यायला कुणी आलं नाही, तर ते वैद्यकीच्या शाळेला द्यायची मुभा या कायद्यानं दिली. खुन्यांची चिरफाड त्याच कायद्यानं बंद केली. कालपर्यंत जी खुनाची शिक्षा होती ती आजपासून गरिबीची शिक्षा झाली. रूथ रिचर्डसन या अभ्यासक बाईंनी १९८७ साली यावर आख्खं पुस्तक लिहून हे मांडलं आहे. गरिबांना हा कायदा तेव्हाच कळला होता. मरताना त्यांना नरकाहून जास्त भीती वर्कहाऊसची वाटे.

इथं हूडची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर नुसती आरती होईल. त्याची मेरी विल्यमकडे येते. म्हणजे तिला विल्यम आहे. तिच्यासाठी रडणारा, तिचं थडगं ठाऊक असणारा, तिच्या हातावर हक्क सांगणारा कुणीतरी आहे. म्हणून तिला बोलायला जागा मिळाली. पण कायद्यानं ज्याला 'बेवारस' म्हटलं त्याचं काय? त्या भुतानं मध्यरात्री कुणाच्या बिछान्याशी उभं राहायचं? वाड्यातल्या भुताला वारस आहे, म्हणून कादंबरी आहे. मेरीला प्रियकर आहे, म्हणून कविता आहे. बेवारस माणसाला दोन्ही नाही, म्हणून त्याचं भूतसुद्धा नाही. हूडचा विनोद या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो. आणखी एक. त्या कवितेत मेरीचं शरीर विखुरलेलं आहे, पण मेरी पोटासाठी काय करत होती हे आपल्याला कळत नाही. ती मेली कशानं तेही कळत नाही. हसण्याच्या भरात कवी ते विचारायला विसरला.

पण हूडचं एक मोठेपण असं की सोळा-सतरा वर्षांनी त्यानं ते विचारलं. लंडनच्या लॅम्बेथ भागातली एक विधवा शिवणकाम करून पोरं जगवत होती. शिवायला दिलेले कपडेच तिनं पोटासाठी गहाण टाकले, म्हणून तिच्यावर खटला झाला. ती बातमी वाचून हूडनं 'द साँग ऑफ द शर्ट' लिहिलं. १८४३ च्या डिसेंबरात 'पंच' या विनोदी साप्ताहिकात, नावाशिवाय ते छापलं गेलं. विनोदी साप्ताहिकात, हे ध्यानात घ्या. त्या गाण्यातली शिवणारी बाई मृत्यूच्या सांगाड्याला भीत नाही. कशी भिणार? उपाशी राहून राहून ती स्वतःच त्याच्यासारखी दिसायला लागली आहे. एकाच दोऱ्यानं आपण शर्टही शिवतो आहोत आणि कफनही, हे तिला कळतं. भुताच्या गोष्टीतला सांगाडा, कफन, सगळं सामान तेच. फक्त आता ते जिवंत बाईच्या अंगावर आलं आहे. लंडनमधल्या त्याच्या थडग्यावर पुढं लोकवर्गणीतून स्मारक झालं, त्यावर याच गाण्याचा उल्लेख कोरला आहे. भुतांची थट्टा करणारा हूड आणि शिवणारणीचं गाणं लिहिणारा हूड असे दोन हूड नाहीत. थट्टेत हात तयार झाला म्हणून गाणं वठलं.

०

मेरीच्या अंगाचे तुकडे करून ते वाटले गेले. असेच तुकडे उलट जोडून एक माणूस केला तर? ते काम हूडच्या आधीच, १८१८ साली, मेरी शेली या वीस वर्षांच्या बाईनं केलं होतं. 'फ्रँकेनस्टाइन'. त्यातला विद्यार्थी कबरस्तानातून, चिरफाडीच्या खोलीतून, खाटीकखान्यातून अवयव आणतो आणि एक देह उभा करतो. त्या काळी त्या खोलीत कुणाची शरीरं असत ते आपण पाहिलंच. म्हणजे हा राक्षस गरिबांच्या मढ्यांचा बनलेला आहे. उभा राहिल्यावर मालक त्याला बघून पळतो. त्याला नावही देत नाही. आजही लोक मालकाचंच नाव त्याला लावतात. गड्याला मालकाच्या नावानं ओळखायची रीत सगळीकडं सारखीच.

कादंबरीतला हा बिननावाचा इसम भाषा कशी शिकतो? एका घराच्या भिंतीच्या फटीतून. आतले लोक एका परदेशी मुलीला बोलायला-वाचायला शिकवतात, आणि हा बाहेर अंधारात बसून ऐकतो. ऐकून ऐकून तो मिल्टन वाचण्यापर्यंत मजल मारतो. भिंतीबाहेर बसून शिकणारा माणूस कोण, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पुढं तो धीर करून घरात जातो. आंधळा म्हातारा एकटा असतो. तो याचं बोलणं ऐकतो आणि माणसासारखा वागवतो. मग डोळस लोक येतात, याचं रूप बघतात आणि काठीनं झोडपतात. बोलण्यानं जुळलेलं नातं बघण्यानं तुटलं. त्यानंतर तो सूड घेतो. मी चांगला होतो, दुःखानं मला सैतान केलं, असा त्याचा युक्तिवाद आहे.

१९३१ साली जेम्स व्हेलनं याचा सिनेमा केला. उत्तम सिनेमा आहे, बघाच. पण बघताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, सिनेमानं राक्षसाची भाषा काढून घेतली. कादंबरीत जो पानंच्या पानं स्वतःची बाजू मांडतो, तो पडद्यावर नुसता गुरगुरतो. दुसरी याहून वाईट. त्याला मेंदू बसवायचा असतो तेव्हा नोकराच्या हातून चांगला मेंदू पडून फुटतो, आणि तो गुन्हेगाराचा मेंदू घेऊन येतो. म्हणजे राक्षस वाईट का? लोकांनी मारलं म्हणून नव्हे, जन्मजातच मेंदू तसा म्हणून! मेरी शेलीनं एका शतकापूर्वी जे नाकारलं होतं तेच सिनेमानं चोरवाटेनं आत आणलं. ज्या काळात हा सिनेमा निघाला त्या काळात आपल्याकडं १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा चालू होता. आख्ख्या जमाती जन्मतःच चोर ठरवून तारेच्या कुंपणात ठेवल्या जात होत्या. तो कायदा १९५२ साली गेला. पण बाटलीतल्या त्या मेंदूवरचा विश्वास पोलीस चौकीत अजून शाबूत आहे.

आणि तो राक्षस वठवणारा नट? सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावळीत त्याच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. त्याचं नाव बोरिस कार्लोफ. हेही खरं नाव नव्हे. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडन, १८८७. त्याच्या आईची आई आणि ॲना लिओनोवेन्स या सख्ख्या बहिणी. ॲना म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेलेली, जिच्यावर पुढं 'द किंग अँड आय' निघालं ती प्रसिद्ध इंग्रज बाई. ती आयुष्यभर सांगत राहिली की आपण वेल्समध्ये जन्मलो. प्रत्यक्षात ती १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मली. बाप कंपनीच्या फौजेतला साधा सार्जंट. आईची आई हिंदुस्थानी असावी असं चरित्रकार मानतात. हे सगळं तिच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी, १९७० नंतरच्या शोधांतून बाहेर आलं. सुझन मॉर्गन यांचं २००८ सालचं चरित्र तर 'बॉम्बे ॲना' या नावाचंच आहे. जन्म लपवला, गाव लपवलं, आजीचा रंग लपवला. बाबुराव बागुलांनी १९६३ सालच्या आपल्या संग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिलं. चोरी कशाची आणि का करावी लागते, हे त्या नावात जेवढं आहे तेवढं ॲनाच्या साऱ्या आठवणींत नाही.

कार्लोफनं हॉलिवुडात शिरण्याआधी आणि नंतरही हमाली केली, खड्डे खणले, ट्रक चालवला. राक्षसाच्या रंगभूषेला रोज तास न् तास बसायचं आणि मग जड बुटांत उन्हातान्हात राबायचं. या राबण्यातूनच तो १९३३ साली स्थापन झालेल्या नटांच्या युनियनच्या पहिल्या सभासदांत गेला. भुताची कामं करणाऱ्यानं कामाच्या तासांसाठी युनियन बांधली. आणि म्हातारपणी यानंच १९६६ साली लहान पोरांच्या एका गमतीदार यमकांच्या कार्टूनपटाला, ग्रिंचच्या गोष्टीला, आवाज दिला. राक्षसाची भाषा पस्तीस वर्षांनी परत आली ती खेळकर पद्यातून, हे मला फार आवडतं.

०

आता कुणी म्हणेल, हे सगळं साता समुद्रापलीकडचं, आपल्याला त्याचं काय? काय म्हणजे? १८३२ च्या कायद्याचं पोर इथं आहे. मुंबई प्रांतात १९४९ साली शरीररचनेचा कायदा झाला, तो आज महाराष्ट्राचा म्हणून चालू आहे. इस्पितळात, तुरुंगात, रस्त्यावर मेलेल्याचं प्रेत मुदतीत नातेवाइकांनी नेलं नाही तर ते वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतं. डॉक्टर शिकले पाहिजेत हे खरंच. आपलीही पोरं डॉक्टर होताहेत, त्यांनाही शरीर शिकायचं आहे. स्वखुशीनं देहदान करणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पण रस्त्यावर मरतो कोण? ज्याच्या घरी वेळेत निरोप पोचत नाही तो कोण? 'बेवारस' हा शब्द वाटतो तेवढा साधा नाही. पुष्कळदा माणसाला आई असते, गाव असतं. नसतो तो फक्त फोन, कागद आणि गाडीभाडं.

त्याहून पुढं जा. परदेशी सिनेमात शाळेच्या कपाटातून सांगाडा खळ्ळकन बाहेर येतो आणि सगळे हसतात. तिकडच्या वैद्यकीय शाळांतले खरे सांगाडे विसाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर कलकत्त्याहून जात होते. प्रेतं गोळा करून हाडं साफ करायचं काम मुख्यतः डोम जातीच्या माथी. भारत सरकारनं ही निर्यात १९८५ साली बंद केली. ते सांगाडे कित्येक ठिकाणी अजून टांगलेले आहेत. त्या हसण्यात कुणाची बरगडी वाजते आहे, हे आपण तरी विचारावं.

आपल्या मराठीत हा प्रश्न विचारला गेला आहे, आणि तोही फार ताकदीनं. अण्णा भाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' ही कथा आठवा. खाण बंद पडते, भीमा बेकार होतो आणि मसणवट्यात मढ्यांवरचं सोनं शोधायला लागतो. मध्यरात्र आहे, कोल्हे आहेत, मढं आहे, मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटं आहेत. जगातल्या कुठल्याही भयकथेशेजारी ही कथा ठेवा. पण अण्णा भाऊंच्या मसणात भूत नाही. भीमाला मेलेल्याची भीती नाही, त्याला बेकारीची भीती आहे. आणि बोटं गेल्यावर खाण पुन्हा चालू झाल्याचं कळतं. याहून भयंकर शेवट कुठल्या वाड्यात घडला?

मात्र अण्णा भाऊंनी जे गद्यात, गंभीरपणे केलं, ते हसत हसत करणारी कविता आपल्याकडं फार थोडी आहे. आपल्या कवितेत संताप आहे, शिवी आहे, आक्रोश आहे, आणि ते सगळं लागतंच. पण मेलेल्या माणसाला चेष्टा करू द्यायला आपण कचरतो. वाटतं, हसलो तर दुःख हलकं होईल. हूडचा अनुभव उलटा आहे. मेरी रडली असती तर ती हजार मेऱ्यांतली एक झाली असती. तिनं आपल्या हातापायांचा हिशेब थट्टेत दिला म्हणून दोनशे वर्षांनी आपल्याला त्या सर्जनचं नाव ठाऊक आहे.

म्हणून लिहिणाऱ्या मित्रांना एवढंच सांगणं. भुतावर लिहायचं तर खुशाल लिहा. पिंपळ, मसण, अमावस्या, उलटे पाय, सगळं वापरा, यमकं जुळवा, कोट्या करा. कुणी बांधिलकीचा दाखला मागितला तर मेरीचं नाव सांगा. फक्त भूत नुसतं सजावटीला आणू नका. नुसत्या घुबडाच्या आवाजाला आणि मेणबत्तीला भुलून जी कविता होते ती वॉल्पोलच्या खोट्या वाड्याची खोली, बाकी काही नाही. भुताला नाव द्या. ते मेलं कशानं ते सांगा : गटारात उतरून, खाणीत दबून, बाळंतपणात, कोठडीत. त्याचं मढं कुणी नेलं, कुणी विकलं आणि विशेषतः कुणी विकत घेतलं ते त्याच्याच तोंडून वदवा. आणि त्याला उभं राहायला एक बिछाना द्या. ज्याला विल्यम नाही त्याचा विल्यम व्हायचं काम कवीचं. बेवारस मढ्यावर हक्क सांगायला कुणीतरी जावं लागतं. कायद्याच्या मुदतीत ते आपल्याच्यानं झालं नसेल, पण कवितेला मुदत नसते.

अशा कविता कुणी लिहून ठेवल्या असतील तर वाचायला काढा. हसवणाऱ्या असतील तर आधी काढा.